इंटरनेट-टीव्हीचे खाते : प्रवेश अडला असता काय पाहावे

पूर्वी घरात केबलची तार आली म्हणजे टीव्हीचे काम भागत असे. वर्गणी थकली तर केबलवाल्याचा माणूस दारात उभा राही. त्यास पैसे दिले की चित्र पुन्हा सुरू. आता आपल्या बहुतेक सभासदांच्या घरी त्याच्या जोडीस किंवा त्याच्या जागी इंटरनेटवरून चालणाऱ्या सेवा आल्या आहेत. हॉटस्टार २०१५ साली, नेटफ्लिक्स जानेवारी २०१६ मध्ये, ॲमेझॉनचे प्राइम व्हिडिओ त्याच वर्षीच्या डिसेंबरात आणि झी-फाइव्ह २०१८ साली आपल्या देशात सुरू झाले. ह्या सेवांचा माणूस दारात येत नाही. पडद्यावर दोन ओळी उमटतात, त्याही बहुधा इंग्रजीत. आणि क्रिकेटचा सामना रंगात आलेला असताना वडील मंडळी मुलांकडे व मुले एकमेकांकडे पाहू लागतात.

अशा वेळी घाईने जे केले जाते त्यानेच पुष्कळदा अधिक नुकसान होते. कोणी चुकीचा शब्द दहा वेळा घालून खाते काही काळापुरते बंद पाडतो. कोणी चालू असलेल्या फोनमधूनही बाहेर पडतो आणि उरलेली एकमेव वाट आपल्या हाताने बुजवितो. कोणी इंटरनेटवर सापडेल त्या मदत-क्रमांकास फोन लावून बँकेतील रक्कम गमावतो. काही शे रुपयांच्या वर्गणीपायी लाखाची हानी व्हावी, हे व्यापारी माणसास शोभणारे नाही.

प्रस्तुत लेखाचा हेतू यंत्रविद्या शिकविण्याचा नाही. ज्यास कीर्द-खतावणीची सवय आहे त्यास ही अडचण स्वतः सोडविता येते, एवढेच दाखवावयाचे आहे. कारण ही बाब यंत्राची कमी आणि खात्याची अधिक आहे. तेरीज जुळत नसली म्हणजे आपण सर्व वह्या एकदम फाडून नव्याने लिहीत नाही. फरक कोणत्या वहीत आहे ते आधी ठरवितो, मग त्या वहीचे पान काढतो. येथेही तीच रीत चालते.

एक खाते, चार नोंदी

प्रत्येक सेवेकडे आपले एक खाते असते व त्यात मुख्यतः चार नोंदी असतात. पहिली ओळखीची : खाते कोणत्या मोबाईल क्रमांकावर किंवा कोणत्या ई-मेलवर उघडले आहे ती. दुसरी पुराव्याची : आपणच ते धनी आहोत हे दाखविणारा परवलीचा शब्द, म्हणजे पासवर्ड, अथवा फोनवर येणारा ओटीपी. तिसरी भरण्याची : वर्गणी कोठून वसूल होते व कोणत्या तारखेपर्यंत भरली आहे ती. चौथी मर्यादेची : त्या वर्गणीत एका वेळी किती पडद्यांवर व कोणत्या ठिकाणी पाहण्याची मुभा आहे ती.

ह्या चारही नोंदी कंपनीकडे असतात. आपल्या घरी असतो तो केवळ टीव्हीचा संच आणि इंटरनेटची जोडणी. तेव्हा प्रवेश अडला असता पहिला प्रश्न असा की, दोष कंपनीकडील खात्यात आहे की आपल्या घरातील साधनात?

दोन प्रश्नांची परीक्षा

हे ठरविण्यास दोनच प्रश्न पुरतात.

पहिला प्रश्न : त्याच टीव्हीवर दुसरी एखादी इंटरनेट-सेवा, उदाहरणार्थ यूट्यूब, चालते काय?

दुसरा प्रश्न : अडलेले खाते एखाद्या फोनवर, घरचे वाय-फाय बंद करून मोबाईलच्या डेटावर, उघडते काय?

टीव्हीवर यूट्यूब चालत नाही, पण फोनवर खाते उघडते, असे असल्यास दोष घरच्या इंटरनेटचा. टीव्हीवर यूट्यूब चालते आणि फोनवर खातेही उघडते, तर दोष टीव्हीतील त्या एका ॲपचा, किंवा पडद्यांच्या मर्यादेचा. टीव्हीवर यूट्यूब चालते, पण खाते फोनवरही उघडत नाही, तर दोष खात्यात आहे. अथवा कंपनीचीच सेवा त्या घटकेस बंद आहे, जे एखाद्या दुसऱ्या ग्राहकास विचारले म्हणजे कळते. आणि काहीच कोठे चालत नसेल, तर आधी इंटरनेट सुरू करून घ्यावे व परीक्षा पुन्हा करावी.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. ज्या फोनवर खाते आधीपासून उघडे आहे तो फोन आपला सर्वांत मोलाचा साक्षीदार होय. खाते कोणत्या ई-मेलवर आहे, वर्गणी कधी संपते, कोणकोणत्या संचांवर ते उघडे आहे, हे सर्व बहुधा त्यातूनच पाहता येते. कित्येक सेवांत टीव्हीच्या पडद्यावरील चौकोनी ठिपक्यांचे चित्र ह्या फोनने टिपले, किंवा पडद्यावर दिसणारा छोटा संकेतांक फोनमध्ये घातला, म्हणजे पासवर्ड न लिहिता टीव्ही उघडतो. म्हणून “एकदा बाहेर पडून पुन्हा आत जाऊन पाहू” हा प्रयोग त्या फोनवर कधीही करू नये. बाहेर पडणे सोपे आहे. पुन्हा आत येण्यास पुरावा लागतो, आणि तो हाती नाही म्हणूनच तर अडचण आली आहे.

पडद्यावरील ओळ वाचावी

दुसरी सवय अशी लावून घ्यावी की पडद्यावरील ओळ पुसली जाण्यापूर्वी तिचे फोनने छायाचित्र घ्यावे. “पासवर्ड चुकीचा आहे” आणि “ह्या नावाचे खाते आढळत नाही” ही दोन वाक्ये घाईत सारखीच वाटतात, परंतु त्यांचा अर्थ निराळा आहे. पहिल्यात खाते सापडले आहे, पुरावा चुकला आहे. दुसऱ्यात कंपनीस खातेच सापडलेले नाही. तेथे पासवर्ड पन्नास वेळा बदलून लिहिला तरी उपयोग नाही, कारण चूक ओळखीच्या नोंदीत आहे. “फार संचांवर चालू आहे” ही मर्यादेची तक्रार होय, आणि “भरण्याची माहिती अद्ययावत करा” ही भरण्याची. “काही चूक झाली, पुन्हा प्रयत्न करा” ह्या मोघम वाक्याचा अर्थ बहुधा जोडणीत, ॲपमध्ये किंवा कंपनीच्या बाजूस दोष आहे असा होतो. त्यासाठी पासवर्ड बदलण्याची घाई करू नये.

सर्वच सेवा हेच शब्द वापरतात असे नाही. काही सेवा ग्राहकाच्या सुरक्षिततेसाठी नाव चुकले की शब्द चुकला हे मुद्दाम सांगत नाहीत. तेथे दोन्ही नोंदी तपासाव्यात.

जोडणी व संच

घरातील साधनांचा भाग थोडक्यात आटोपता येतो. इंटरनेटचा दोष असल्यास राउटरची वीज बंद करून एक मिनिट थांबावे व पुन्हा सुरू करावी. टीव्हीचीही वीज रिमोटने नव्हे तर भिंतीवरील बटणाने बंद करावी. कारण रिमोटने बंद केलेला टीव्ही पुष्कळदा पुरता बंद नसतो, तो झोपलेला असतो.

दुसरे, टीव्हीतील तारीख व वेळ पाहावी. ही गोष्ट विनोदी वाटेल, परंतु खरी आहे. सेवा व संच यांच्यात बोलणे सुरू होण्यापूर्वी संच कंपनीचे एक डिजिटल प्रमाणपत्र तपासतो आणि त्या प्रमाणपत्रास मुदत असते. टीव्हीचे घड्याळ काही वर्षे मागे गेलेले असेल तर चालू मुदतीचे प्रमाणपत्रही त्यास अवैध वाटते व तो दार उघडत नाही. घड्याळ इंटरनेटवरून आपोआप जुळावे, अशी सोय सेटिंगमध्ये असते. ती चालू ठेवावी.

तिसरे, ॲप जुने झाले असल्यास नवे करून घ्यावे. संचच फार जुना असेल तर मात्र उपाय नसतो. नेटफ्लिक्सने सॅमसंगच्या काही जुन्या स्मार्ट टीव्हींवरील आपली सेवा डिसेंबर २०१९ पासून बंद केली. अशा वेळी खात्यात दोष शोधीत बसू नये. टीव्ही बदलण्याचेही कारण नाही. टीव्हीच्या मागे लावावयाची एक छोटी कांडी बाजारात मिळते, तिने काम भागते.

हरवलेल्या हुंडीची पेठ

आता खात्याच्या पहिल्या दोन नोंदींकडे वळू. आपल्या जुन्या पेढ्यांवर हुंडी गहाळ झाली तर धनी मूळ हुंडी परत मागत नसे. तो लिहून देणाऱ्या पेढीकडून दुसरी प्रत घेई. तीस पेठ म्हणत. पेठही हरवली तर परपेठ. परंतु पेठ मिळण्यासाठी आपणच त्या हुंडीचे धनी आहोत हे पेढीस पटवावे लागे.

पासवर्ड विसरला असता नेमके हेच घडते. “पासवर्ड विसरलात काय?” ह्या ओळीवर बोट ठेवले म्हणजे कंपनी जुना शब्द सांगत नाही, नवा शब्द ठरविण्याची परवानगी आपल्या नोंदलेल्या ई-मेलवर किंवा फोनवर पाठविते. तीही थोड्या वेळापुरतीच चालते.

जुना शब्द कंपनी का सांगत नाही, ह्याचे कारण समजून घेण्याजोगे आहे. आपल्या धंद्यातलाच दृष्टान्त घेऊ. गहू गिरणीत घातला की पीठ होते. पिठाचे पुन्हा गहू होत नाहीत. नीट चालविलेली कंपनी आपला शब्द एका गणिती गिरणीतून दळून त्याचे पीठच तेवढे साठविते. आपण पुढच्या वेळी शब्द लिहिला की तोही त्याच गिरणीतून दळला जातो आणि दोन्ही पिठे ताडून पाहिली जातात. जुळली तर दार उघडते. मूळ शब्द कंपनीच्या नोकरासही ठाऊक नसतो. ह्यावरून एक व्यवहारी सिद्धान्त निघतो : “मी तुमचा जुना पासवर्ड काढून देतो” असे जो सांगेल, तो कंपनीचा माणूस नव्हे.

ह्या दळणात एका अक्षराचाही फरक खपत नाही. इंग्रजी मोठे अक्षर व लहान अक्षर ही दोन निराळी धरली जातात. शब्दाच्या शेवटी चुकून पडलेली मोकळी जागाही एक अक्षर समजली जाते. टीव्हीच्या रिमोटने एकेक अक्षर शोधून लिहिताना असे होणे सहज शक्य आहे. यास्तव शब्द आधी कागदावर स्पष्ट लिहावा, लिहिताना तो पडद्यावर दिसेल अशी सोय असल्यास ती वापरावी, आणि दोन वेळा चुकल्यास थांबावे. तिसऱ्या वेळेपेक्षा नवा शब्द ठरविणे श्रेयस्कर.

नवा शब्द ठरविताना बँकेचा, ई-मेलचा किंवा दुसऱ्या सेवेचा शब्द येथे वापरू नये. अमेरिकेत डिस्ने-प्लस ही सेवा १२ नोव्हेंबर २०१९ रोजी सुरू झाली आणि थोड्याच दिवसांत कित्येक ग्राहकांची खाती चोरून विकली जात असल्याचे उघडकीस आले. आपल्या यंत्रणेत कोणी शिरले नाही, असे कंपनीने सांगितले. इतर ठिकाणांहून पूर्वी फुटलेले शब्द चोर अशा नव्या दारांवर लावून पाहतात; ज्यांनी सर्वत्र एकच किल्ली ठेविली, त्यांची दारे उघडतात. गोदामाची, तिजोरीची व घराची किल्ली एकच करणारा व्यापारी आपल्यात कोणी नसेल.

ओटीपी येत नसेल तर

अनेक सेवा आता पासवर्ड मागतच नाहीत. मोबाईल क्रमांक व ओटीपी एवढ्यावर प्रवेश देतात. ओटीपी आला नाही की मंडळी “पुन्हा पाठवा” हे बटण दाबीत सुटतात. बहुधा प्रत्येक नव्या ओटीपीने आधीचा रद्द होतो. मग उशिरा आलेला पहिला अंक आपण घालतो आणि तो चुकीचा ठरतो. एकदा मागणी करावी, दोन-तीन मिनिटे थांबावे, आणि एकाहून अधिक आले असल्यास सर्वांत शेवटचा घालावा.

तरीही न आल्यास पुढील गोष्टी पाहाव्यात. क्रमांक फोनमधील दोन सिमांपैकी कोणत्या सिमाचा आहे? त्या सिमाचे रिचार्ज संपले आहे काय? ओटीपी ई-मेलवर जाणार असेल तर तो नको असलेल्या टपालाच्या कप्प्यात पडला आहे काय? खाते परदेशातील मुलाने उघडून दिले असेल तर त्या देशाचा संकेतांक क्रमांकामागे लागला आहे काय? खाते भलत्याच क्रमांकावर तर नाही ना? टीव्ही बसविण्यास आलेल्या दुकानाच्या माणसाने “काका, मी करून देतो” म्हणून आपल्याच ई-मेलवर खाते उघडून दिले, असेही घडते. ते खाते कायद्याने कोणाचेही असो, किल्ली त्याच्याकडे राहिली.

बंद पडलेल्या क्रमांकाविषयी एक नियम सर्वांनी जाणावा. मोबाईल क्रमांक बंद झाल्यावर किमान ९० दिवस तो दुसऱ्यास दिला जात नाही. त्यानंतर दिला जाऊ शकतो. म्हणजे तीन महिन्यांनंतर आपल्या जुन्या क्रमांकावर येणारा ओटीपी कोणा परक्या माणसाच्या हाती पडू शकतो. तेव्हा क्रमांक सोडण्यापूर्वी त्यावर असलेली सर्व खाती नव्या क्रमांकावर नेणे आवश्यक आहे. हे काम नंतर करता येत नाही, कारण बदलासाठीही ओटीपी जुन्याच क्रमांकावर जातो.

आपले एक घर आणि कंपनीचे एक घर

एकत्र कुटुंबात घर एक म्हणजे चूल एक. पुण्यास शिकत असलेला नातू, दुकानाच्या माडीवरचा टीव्ही आणि शहापुरास राहणारे धाकटे बंधू हे सर्व आपल्या हिशेबी एकाच घरातले. कंपनीचा हिशेब वेगळा असतो. नेटफ्लिक्सने जुलै २०२३ पासून भारतात असा नियम लागू केला की एक खाते एका घरापुरतेच. आणि घर म्हणजे जेथे मुख्य टीव्ही आहे तेथील इंटरनेटच्या जोडणीवर चालणारे संच. दुसऱ्या गावी टीव्हीवर खाते उघडल्यास “हा टीव्ही आपल्या घरचा नाही” अशा अर्थाची ओळ येते. प्रवासात असाल तर तात्पुरता संकेतांक मागविता येतो. तो खातेदाराच्या ई-मेलवर किंवा फोनवर येतो व १५ मिनिटांत वापरावा लागतो. घर किंवा इंटरनेट कंपनी बदलली असेल तर टीव्हीवरूनच घराची नोंद नवी करता येते.

एका वेळी किती पडदे, हेही वर्गणीप्रमाणे ठरते. नेटफ्लिक्सच्या निरनिराळ्या वर्गण्यांत १, २ किंवा ४ पडदे असतात. प्राइम व्हिडिओने जानेवारी २०२५ पासून भारतात एका खात्यास पाच संच व त्यांत टीव्ही दोनच अशी मर्यादा घातली. मर्यादा भरली असता कोणाचा तरी संच बंद करावा लागतो. खात्यातील संचांच्या यादीत जाऊन, विकलेला जुना टीव्ही, सहलीतील हॉटेलचा टीव्ही, मित्राच्या घरचा टीव्ही असे अनोळखी किंवा निरुपयोगी संच काढून टाकावेत. यादीत आपल्या ओळखीचे नसलेले गाव दिसल्यास पासवर्ड लगेच बदलावा व सर्व संचांवरून बाहेर पडण्याची आज्ञा द्यावी. ही आज्ञा देण्यापूर्वी ई-मेल व क्रमांक आपल्या हाती आहेत ना, एवढे पाहावे.

भरणा व नाव बदललेल्या सेवा

वर्गणी भरली आहे असे आपणास वाटते, कंपनीस तसे वाटत नाही, हा चौथा प्रकार. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून दर महिन्यास वा वर्षास आपोआप होणाऱ्या वसुलीसाठी ग्राहकाची एकदा स्वतंत्र संमती नोंदवावी लागते, आणि वसुलीच्या किमान २४ तास आधी बँकेची सूचना यावी लागते. पूर्वीच्या कित्येक वसुल्या त्या वेळी थांबल्या. आजही कार्डाची मुदत संपून नवे आले की जुनी संमती निरुपयोगी होऊ शकते. म्हणून बँकेचे पासबुक किंवा उतारा काढून शेवटची वसुली कोणत्या तारखेस झाली ते पाहावे. उताऱ्यात कंपनीचे नाव आहे व खाते मात्र बंद दिसते, तर बहुधा आपल्या घरात दोन खाती आहेत : पैसे एकात जातात व आपण दुसऱ्यात प्रवेश करू पाहतो.

असे दुहेरी खाते विशेषतः मोबाईल किंवा ब्रॉडबँडच्या रिचार्जसोबत मिळणाऱ्या सेवेत होते. रिचार्जमध्ये सेवा समाविष्ट असली तरी ती आपल्या जुन्या खात्यास जोडून घ्यावी लागते. ती न जोडता नवे खाते उघडले की घोटाळा झालाच. रिचार्जचा प्रकार बदलला म्हणजे सेवा थांबते, हेही ध्यानात ठेवावे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. टीव्हीवरून किंवा फोनवरून ॲप काढून टाकले म्हणजे वर्गणी थांबत नाही. ती खात्यात जाऊन रद्द करावी लागते. खाते उघडतच नसेल तर बँकेच्या किंवा यूपीआयच्या ॲपमध्ये आपोआप वसुलीच्या संमतींची यादी असते. तेथून ती रद्द करता येते.

कधी सेवेचेच नाव बदलते. जिओसिनेमा व डिस्ने-प्लस हॉटस्टार ह्या दोन सेवा एकत्र होऊन १४ फेब्रुवारी २०२५ रोजी जिओहॉटस्टार ही सेवा सुरू झाली. जुन्या नावाचे ॲप शोधणारा माणूस अशा वेळी नकली ॲपाच्या हाती सापडू शकतो. ॲप नेहमी टीव्हीच्या किंवा फोनच्या अधिकृत दुकानातूनच घ्यावे.

खोटे मदतनीस

ह्या लेखातील सर्वांत महत्त्वाचा भाग हाच होय. प्रवेश अडला की मंडळी इंटरनेटवर “ग्राहक मदत क्रमांक” असे लिहून शोधतात. जो क्रमांक वर दिसतो तो कंपनीचा असतोच असे नाही. पैसे भरून किंवा युक्तीने खोटे क्रमांक वर आणलेले असतात. फोन उचलणारा गोड बोलतो, आपली अडचण समजून घेतो व एक छोटे ॲप फोनवर घ्यावयास सांगतो. ते ॲप आपल्या फोनचा पडदा त्यास दाखविते. मग येणारा प्रत्येक ओटीपी तो आपल्याबरोबरच वाचतो. अशा दूरनियंत्रक ॲपांच्या गैरवापराविषयी रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांस सावध केले होते.

दुसरा प्रकार टीव्हीच्या संकेतांकाचा. टीव्ही पडद्यावर संकेतांक दाखवितो व तो अमुक पत्त्यावर घाला असे सांगतो. तो पत्ता फोनमध्ये लिहिताना एखादे अक्षर चुकले, किंवा पत्त्याऐवजी शोध घेतला, तर हुबेहूब दिसणारे खोटे पान उघडू शकते. तेथे “संच चालू करण्याचे शुल्क” मागतात. टीव्हीवर खाते उघडण्यास वर्गणीव्यतिरिक्त कोणतेही शुल्क नसते. ज्या पानावर असे शुल्क मागितले जाईल ते पान तत्काळ बंद करावे.

तिसरा प्रकार परताव्याचा. “आपली वर्गणी दोनदा कापली गेली, परत करतो, पिन घाला” असे सांगण्यात येते. पैसे घेण्यास यूपीआयचा पिन कधीही लागत नाही. तो केवळ देण्यास लागतो.

खरी मदत कोठे मिळते? सेवेच्या ॲपमध्येच “मदत” असा भाग असतो. तेथून लेखी संवाद वा फोन करता येतो. खरा मदतनीस ओटीपी, पासवर्ड, पिन किंवा कार्डामागचे तीन अंक विचारीत नाही. आपली ओळख तो नाव, नोंदलेला ई-मेल, वर्गणी भरल्याची तारीख अशा गोष्टींवरून पटवितो. आणि दुर्दैवाने रक्कम गेलीच, तर लाज धरून दोन दिवस गप्प बसू नये. १९३० हा सरकारी मदत-क्रमांक आहे. त्यावर व आपल्या बँकेस ताबडतोब कळवावे. रक्कम पुढे सरकण्यापूर्वी तक्रार झाली तर ती अडविली जाण्याचा संभव असतो. येथे दिवस नव्हे, घटका मोलाची आहे.

खाते कोणाच्या नावे?

वरील सर्व उपाय रोगावरचे आहेत. पथ्य एकच : खाते योग्य माणसाच्या, टिकाऊ क्रमांकावर व ई-मेलवर असावे. आपल्या घरांत बहुधा सर्व खाती घरच्या कर्त्या पुरुषाच्या क्रमांकावर असतात व त्यांचे शब्द फक्त एका मुलास ठाऊक असतात. मुलगा परगावी गेला म्हणजे खाते अर्धे मुके होते. कर्ता पुरुष गेला म्हणजे पुरते.

अशा शोकाच्या वेळी घरची मंडळी महिन्या-दोन महिन्यांत त्यांचा फोन बंद करून टाकतात. त्यानंतर कळते की वर्गणी अजून कापली जात आहे, ओटीपी त्याच क्रमांकावर जात आहे, आणि त्याच क्रमांकावर वीजबिल, गॅस, विमा हेही आहेत. म्हणून निधनानंतर क्रमांक तत्काळ सोडू नये. सिम रिचार्ज करून चालू ठेवावे, प्रत्येक सेवेस कळवून खाते वारसाच्या क्रमांकावर न्यावे किंवा रीतसर बंद करावे, आणि शेवटी क्रमांक सोडावा. बँकेच्या खात्याचे नियम निराळे आहेत. तेथे बँकेस निधनाची सूचना देऊन वारसनोंदीचा मार्गच धरावा, मृताच्या फोनवरून व्यवहार करू नयेत.

ह्यावर कोणी म्हणेल की टीव्हीच्या खात्यासाठी एवढा खटाटोप कशाला? त्यास उत्तर असे की टीव्हीचे खाते ही केवळ लहान वही आहे. मोठ्या वह्या त्याच रीतीने चालतात. आपल्या पेढीचे जीएसटीचे खातेही ओळख, पासवर्ड व ओटीपी यांवरच उघडते. टीव्ही अडला तर एक सामना चुकतो. ते खाते अडले तर विवरणपत्राची तारीख चुकते व विलंब-शुल्क दिवसागणिक चढत जाते. तेथेही ओटीपी पूर्वीच्या मुनिमाच्या क्रमांकावर जात असेल, तर आजच पाहिलेले बरे. घरातील लहान मोठ्या सर्वांनी टीव्हीच्या खात्यावर ही शिस्त गिरविली, तर मोठ्या खात्यांत ती आपोआप अंगी येईल.

घरची एक वही

शेवटी एक सूचना. प्रत्येक घरी एक छोटी वही ठेवावी. तीत प्रत्येक सेवेचे एक पान : सेवेचे नाव, खाते कोणाच्या नावे, क्रमांक व ई-मेल, वर्गणी कोठून वसूल होते व कोणत्या तारखेस संपते, किती पडद्यांची मुभा, आणि पासवर्ड शेवटचा कधी बदलला. टीव्हीच्या सेवांचे शब्द ह्या वहीत लिहून वही कपाटात बंद ठेविली तरी चालेल. इंटरनेटवरील चोरास कपाट उघडता येत नाही. बँकेचे पिन व शब्द मात्र तीत लिहू नयेत. वही कोठे आहे हे घरातील दोन माणसांस, त्यांपैकी एका स्त्रीस, अवश्य ठाऊक असावे. कारण पुरुष मंडळी बाजारात असताना टीव्ही तिच्यापुढे अडतो व खोटा फोनही तीच उचलते.

दिवाळीस आपण नव्या वह्यांचे पूजन करतोच. त्या दिवशी ही वहीही पुढे घ्यावी, जुने क्रमांक खोडावेत, न लागणाऱ्या सेवा रद्द कराव्यात व नव्या तारखा मांडाव्यात. अर्ध्या तासाचे काम आहे. ज्यांच्या घरी अशी वही नाही, त्यांनी दिवाळीची वाट न पाहता हा अंक मिटल्यावर पहिले पान लिहावे, आणि सुरुवात ज्या खात्याचा पासवर्ड कोणासही आठवत नाही त्यापासून करावी.